हुरूप कशाने येतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे उत्साह, हुरूप, उमेद, जोश, चैतन्य या शब्दांच्या अर्थांविषयी विचारणा करणारी आहेत. एका प्रश्नाच्या उत्तरावाचून दुसऱ्याचे उत्तर अपुरे राहते, म्हणून ती सर्व एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. समानार्थी शब्दांच्या यादीत उत्साह, हुरूप, उमेद, जोम आणि जोश हे शब्द एका ओळीत दिलेले असतात. त्या यादीवर विसंबून एका विद्यार्थ्याने ‘बाईंनी पाठ थोपटल्यामुळे तिला जोम आला’ असे वाक्य लिहिले. मला ते खटकले, पण त्याला कारण काय सांगावे? ‘हुरूप’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता आणि तो कोठे वापरावा? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्याला ते वाक्य खटकले हे योग्यच झाले. हे पाचही शब्द माणसाला कामाला लावणाऱ्या बळाविषयी बोलतात, म्हणून ते एका ओळीत बसवले जातात. परंतु ते बळ कोठून आले, हे प्रत्येक शब्द वेगळे सांगतो. हुरूप हा त्यांपैकी असा शब्द आहे, की तो कानावर पडताच ‘कशाने?’ असे विचारता येते आणि बोलणाऱ्याजवळ त्याचे उत्तर असते. पहिल्याच प्रयोगाला नाट्यगृह भरले, म्हणून मंडळींना हुरूप आला. पाहुण्यांनी पुरणपोळी पुन्हा मागून घेतली, म्हणून करणाऱ्याला हुरूप आला. बचत गटाचे पहिले कर्ज वेळेवर फिटले, म्हणून गटातल्या बायकांना आणखी मोठे काम अंगावर घेण्याचा हुरूप आला. या तिन्ही वाक्यांत काम आधीच सुरू झालेले आहे, त्याला बाहेरून काहीतरी अनुकूल दाद मिळाली आहे आणि त्या दादेतून पुढचे काम करण्याचे बळ उपजले आहे. ज्याने अद्याप हातही लावलेला नाही, त्याला उत्सुकता असेल, उमेद असेल, पण हुरूप आला असे आपण सहसा म्हणत नाही.

शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हुरूप येतो, चढतो, वाढतो आणि एकाला दुसऱ्याला देता येतो. ‘उमेद ठेव’ किंवा ‘धीर धर’ असे आपण खचलेल्या माणसाला सांगतो, पण ‘हुरूप ठेव’ असे कोणी सांगत नाही, कारण हुरूप ही माणसाने स्वतःच्या निश्चयाने धरून ठेवण्याची गोष्ट नाही. तो दुसऱ्याच्या शब्दाने, कामाला आलेल्या फळाने किंवा सोबतीला आलेल्या माणसांनी येतो. मला या शब्दाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो तो यामुळेच, की माणसाचे बळ काही अंशी इतरांच्या हाती असते हे त्याने आपल्या अर्थात सांभाळून ठेवले आहे.

हुरुपाच्या शेजारी राहणारे काही वाक्प्रचार विद्यार्थ्यांना एकत्र सांगण्याजोगे आहेत. कौतुकाने ‘अंगावर मूठभर मांस चढते’ तेव्हा त्यात सुख असते, पण पुढच्या कामाची हमी नसते. खोट्या स्तुतीने एखाद्याला ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवले’ जाते, तेव्हा स्तुती करणाऱ्याचा हेतू स्वच्छ नसतो आणि चढणाऱ्याला आपण कशावर उभे आहोत याचे भान नसते. ‘हुरळून जाणे’ हा त्यापुढचा टप्पा आहे. ‘हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी’ ही म्हण त्या भान सुटण्याविषयीच बोलते. हुरूप आलेला माणूस मात्र भानावर असतो, आणि त्याचे लक्ष स्तुती करणाऱ्याकडून पुन्हा आपल्या कामाकडे वळलेले असते.

आता विद्यार्थ्याच्या वाक्यातल्या जोमाकडे येऊ. जोम हा देहाचा आणि मातीचा शब्द आहे. पेरणीनंतर वेळेवर पाऊस झाला तर पिके जोम धरतात, छाटणीनंतर झाड जोमाने फुटते, आणि याच अर्थाचा विस्तार होऊन एखादी चळवळ किंवा एखादा धंदा जोमात आहे असेही आपण म्हणतो. त्यात वाढ असते, भरदारपणा असतो, आतून येणारा रेटा असतो; कौतुकाचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. ‘पाठ थोपटल्यामुळे तिला हुरूप आला आणि ती जोमाने अभ्यासाला लागली’ असे वाक्य केले, तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात, आणि विद्यार्थ्याला चुकीची खूण करण्याऐवजी हे वाक्य समोर ठेवले तर त्यालाही हुरूप येईल.

प्रश्न : कोणताही कार्यक्रम वृत्तपत्रांत ‘मोठ्या उत्साहात साजरा’ होतो. अलीकडे तरुण मंडळी ‘मी खूप उत्साहित आहे’ असेही म्हणतात. उत्साह या शब्दाचा मूळ अर्थ इतकाच उथळ होता काय, आणि ‘उत्साहित’ हे रूप शुद्ध आहे काय? (एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे)

उत्तर : मूळ अर्थ उथळ तर नव्हताच, उलट तो पुष्कळ कठोर होता. ‘उत्साह’ हा शब्द ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘सह्’ हा धातू यांपासून बनला आहे. याच धातूपासून सहन, सहिष्णू आणि साहस हे शब्द आले आहेत. सोसणे, पुरून उरणे आणि मात करणे हे त्या धातूचे अर्थ असल्यामुळे उत्साहाच्या पोटात सोसण्याची ताकद मुळापासूनच आहे.

वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात पंपासरोवराच्या काठी सीतेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या रामाला लक्ष्मण सांगतो, की उत्साह हेच मोठे बळ आहे, उत्साहाहून श्रेष्ठ बळ नाही, आणि उत्साही माणसाला या जगात दुर्लभ असे काही नाही. हे शब्द उत्सवात कोणी कोणाला सांगितलेले नाहीत. ते शोकात बुडालेल्या माणसाला सांगितलेले आहेत. म्हणजे आनंद असला तरच उत्साह असतो ही आजची समजूत त्या काळी नव्हती; दुःख असतानाही पाऊल पुढे टाकायला लावणारी शक्ती असा त्याचा अर्थ होता.

भरताच्या नाट्यशास्त्रातही हीच जाण आहे. तेथे आठ रसांना आठ स्थायिभाव, म्हणजे त्या त्या रसाच्या मुळाशी टिकून राहणाऱ्या भावना, दिलेल्या आहेत, आणि वीररसाचा स्थायिभाव म्हणून क्रोधाची नव्हे तर उत्साहाची निवड केलेली आहे. क्रोध हा रौद्ररसाचा स्थायिभाव ठरतो. ही विभागणी मला फार मोलाची वाटते, कारण शौर्य म्हणजे संताप नव्हे हे तीत निःसंदिग्धपणे सांगितले आहे. वीराचे प्रकार सांगतानाही युद्धवीराबरोबर दानवीर आणि धर्मवीर यांना स्थान दिलेले आहे. शेवटपर्यंत देत राहणे आणि आपले कर्तव्य निभावत राहणे यांसाठीही उत्साह लागतो, असे त्या शास्त्राचे म्हणणे आहे.

राजनीतीत प्रभुशक्ती, मंत्रशक्ती आणि उत्साहशक्ती अशा तीन शक्ती मानल्या जातात. कौटिल्याने अर्थशास्त्रात यांची तुलना केली आहे. उत्साह हा खजिना आणि सैन्य यांच्या बळापेक्षा, म्हणजे प्रभावापेक्षा (प्रभुशक्तीपेक्षा), श्रेष्ठ, असे पूर्वाचार्यांचे मत तो देतो आणि ते अमान्य करतो; त्याच्या मते उत्साहापेक्षा प्रभाव आणि प्रभावापेक्षा मंत्र, म्हणजे विचारपूर्वक केलेली मसलत, श्रेष्ठ आहे. नुसत्या उत्साहाने भागत नाही हा अनुभव ‘अतिउत्साह’, ‘उत्साहाच्या भरात’ आणि ‘आरंभशूर’ या मराठीतल्या प्रयोगांतही मुरलेला आहे.

वृत्तपत्रांतला ‘मोठ्या उत्साहात साजरा’ हा प्रयोग व्याकरणाने चूक नाही. त्याचा दोष असा, की तो काहीच सांगत नाही. पहाटेपासून किती माणसे आली, कोणी काय केले, पाऊस असूनही मिरवणूक थांबली नाही काय, हे लिहिले तर उत्साह हा शब्द न वापरताही तो वाचकाला दिसतो. ‘उत्साहाला उधाण आले’ हा प्रयोगही वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे, पण त्यामागे खरी समुद्राची भाषा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीचे पाणी नेहमीच्या रेषेपलीकडे चढते, त्याला कोकणात उधाण म्हणतात, आणि उत्साह ‘ओसरतो’ असे आपण म्हणतो तेही याच पाण्याच्या नात्याने. एवढे ध्यानात ठेवले, तर पंधरा-वीस माणसांच्या सभेतल्या उत्साहाला उधाण आणण्याचा मोह बातमीदाराला होणार नाही.

‘उत्साहित’ हे रूप संस्कृतात ‘ज्याला उत्साह दिला गेला आहे असा’ या अर्थाने सिद्ध होते, आणि ‘प्रोत्साहित करणे’ हा प्रयोग मराठीत रूढही आहे. अडचण रूपाची नाही, वाक्याच्या घडणीची आहे. मराठीत अशा भावना माणसाकडे येतात, आणि माणूस त्या वाक्यात ‘मला’, ‘तिला’, ‘आम्हांला’ अशा रूपात उभा राहतो: मला उत्साह वाटतो, तिला हुरूप आला, आम्हांला स्फुरण चढले. ‘मी या कामासाठी खूप उत्साहित आहे’ हे वाक्य इंग्रजीच्या साच्यातले आहे; त्याच भावनेसाठी ‘कधी एकदा कामाला लागतो असे मला झाले आहे’ हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते, आणि त्यातली उत्कटता अधिक आहे.

प्रश्न : निवडणुकीला उभा राहणारा तो ‘उमेदवार’, आणि माणूस खचला की त्याची ‘उमेद’ जाते. या दोन शब्दांचा परस्परसंबंध आहे काय? तसेच उमेद, जोश यांसारखे फारसी शब्द टाळून संस्कृत शब्द वापरणे इष्ट नव्हे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. फारसीत उमेद म्हणजे आशा, आणि ‘वार’ हा तेथे ‘असलेला’ या अर्थाचा प्रत्यय आहे. म्हणून उमेदवार म्हणजे आशा बाळगून असलेला माणूस. मतपेटीशी त्याचा संबंध जडण्याच्या आधीपासून कचेरीत नोकरीच्या आशेने बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर राबणाऱ्या माणसाला उमेदवार म्हणत असत. वकिलाकडे, छापखान्यात, गवयाच्या घरी काम शिकत घालवलेल्या काळाला आजही ‘उमेदवारीचा काळ’ म्हणतात. त्या शब्दात आशा आणि कष्ट अशी दोन्ही बाजूंची वीण आहे.

मराठीने मूळ शब्दाला नुसत्या आशेवर थांबू दिले नाही. ‘आशा’ घरी बसूनही करता येते, परंतु ‘उमेद’ बाळगणारा माणूस कष्टाला तयार असतो, असा भेद मराठी कानाला जाणवतो. ‘ऐन उमेदीत’ किंवा ‘उमेदीची वर्षे’ असे म्हटले की त्याचा अर्थ तारुण्य असा होतो, कारण पुढे पुष्कळ काही घडेल या भरवशावर राबण्याचे ते वय असते. उमेद बाळगली जाते, ठेवली जाते, खचते आणि परतही येते. दुसऱ्याची उमेद मोडण्यासाठी ‘नाउमेद करणे’ हा वेगळा प्रयोग आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला, ज्याच्या मार्फत गावोगावी महिलांचे बचत गट बांधले जातात, ‘उमेद’ हेच नाव दिलेले आहे. त्या जागी ‘आशा’ हे नाव असते तर पुढच्या कष्टाचा अर्थ निसटला असता.

राहिला प्रश्न फारसी शब्द टाळण्याचा. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचला गेला तो मुख्यतः राज्यकारभारातल्या संज्ञांसाठी, आणि त्या कामाचे महत्त्व निर्विवाद आहे. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधवराव पटवर्धनही पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. या थोरांच्या हेतूविषयी पूर्ण आदर बाळगूनही माझे मत असे आहे, की हुद्द्यांची आणि खात्यांची नावे बदलता येतात, पण पिढ्यान्‌पिढ्या सुखदुःखात वापरून ज्यांना मराठी अर्थ चिकटला आहे ते शब्द बदलता येत नाहीत. ‘उमेद खचली’ याच्या जागी दुसरा कोणताही शब्द घातला तरी ते वाक्य तितके खोल जात नाही.

हौस या शब्दाचेच पाहा. अरबीतून आलेल्या या शब्दाला उर्दूत लोभाचा आणि वासनेचा वास आहे, पण मराठीत तोच शब्द इतका निर्मळ झाला, की लेकीच्या लग्नात आई हौस पुरवते, आणि पैशाची अपेक्षा न ठेवता नाटक करणारे रंगकर्मी ‘हौशी’ म्हणवतात. जोश हा शब्द फारसीतल्या उकळण्याच्या क्रियापदापासून आला आहे. युनानी वैद्यकातल्या काढ्याला ‘जोशांदा’ म्हणतात तेही त्याच मुळावरून. आपणही ‘आनंदाला उकळी फुटली’ असे म्हणतोच, त्यामुळे हा शब्द मराठीत परका राहिला नाही. फक्त उकळणारे पाणी थोड्या वेळाने निवते, हे जोशाच्या बाबतीतही खरे आहे, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी ‘जोशात’ हे क्रियाविशेषण जपून वापरावे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो आणि शनिवार-रविवारी येथील मराठी शाळेत मी लहान मुलांना शिकवते. ‘त्याला खूप एनर्जी आहे’, ‘आज मला एनर्जी नाही’, ‘या जागेत छान एनर्जी आहे’ अशी वाक्ये मुलेच नव्हे तर पालकही बोलतात. प्रत्येक वेळी ‘ऊर्जा’ म्हणणे कृत्रिम वाटते. काय सांगावे? (एक पालक, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्याला कृत्रिम वाटते याचे कारण या तीन वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत त्यांना निरनिराळे शब्द आहेत.

सतत धावणाऱ्या मुलाविषयी ‘त्याच्या पायाला भिंगरी लागली आहे’ किंवा ‘तो क्षणभर स्वस्थ बसत नाही’ असे म्हणावे. ‘त्याच्या अंगात रग आहे’ असेही म्हणतात, परंतु रग या शब्दाला उद्दामपणाचीही छटा आहे. ‘रग जिरवणे’ आणि ‘रगेल’ हे प्रयोग आठवून तो वापरावा. मोठ्या माणसाच्या थकव्यासाठी ‘आज अंगात त्राण नाही’ किंवा ‘गळून गेल्यासारखे वाटते’ ही वाक्ये पुरेशी आहेत. थकवा जाऊन पुन्हा ताजेपणा आला तर ‘तरतरी’ येते, आणि चहाचे या शब्दाशी महाराष्ट्रात अतूट नाते आहे. पाऊस पडल्यावर मरगळलेली रोपे ‘तरारतात’, तो शब्दही मुलांना या निमित्ताने सांगावा. घरामागच्या वाफ्यात तो त्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल. आजारातून उठलेला माणूस ‘आज जरा हुशारी वाटते’ असे म्हणतो, तेव्हा तो बुद्धीविषयी बोलत नसतो. फारसीत ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान, आणि ‘होशियार’ म्हणजे जागा, सावध. तो जागेपणाचा अर्थ या प्रयोगात टिकून राहिला आहे.

जागेविषयी बोलताना ‘चैतन्य’ हा शब्द योग्य आहे, पण तो सढळ हाताने वाटू नये. तत्त्वज्ञानात चैतन्य म्हणजे जाणीव, जडापासून सजीवाला वेगळे करणारे तत्त्व. संतपरंपरेत हा शब्द गुरूंच्या नावांतच वस्तीला आहे: तुकोबांनी आपली गुरुमालिका सांगताना राघवचैतन्य आणि केशवचैतन्य ही नावे घेतली आहेत, आणि गोंदवल्याचे महाराज ब्रह्मचैतन्य या नावाने ओळखले जातात. शेकोटी ‘चेतवणे’ हे रोजचे क्रियापदही याच कुळातले आहे. तेव्हा ज्या वास्तूत मुलांचा किलबिलाट सुरू झाला, ज्या बंद पडलेल्या वाचनालयात पुन्हा वाचक येऊ लागले, तेथे चैतन्य आले असे म्हणणे सार्थ आहे. नवे पडदे लावलेल्या खोलीला ‘प्रसन्न’ म्हणावे. तो शब्द तेवढ्यासाठी पुरेसा सुंदर आहे.

ऊर्जा हा शब्द मुख्यतः विज्ञानासाठी राखावा, असे मला वाटते. पाठ्यपुस्तकांत बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन भिन्न संज्ञा आहेत, आणि रोजच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ झाली की विज्ञान शिकताना मुलांचा गोंधळ होतो. त्याच कुळातला ‘ऊर्जितावस्था’ हा जुना शब्द मात्र जरूर शिकवावा. मोडकळीला आलेली संस्था पुन्हा भरभराटीला आली की ती ऊर्जितावस्थेला आली असे म्हणतात, आणि परदेशात अशा संस्था माणसे हाताने उभ्या करत असताना या शब्दाचा उपयोग वारंवार पडेल.

प्रश्न : हुरुप की हुरूप, उर्जा की ऊर्जा, स्फूर्तीदायक की स्फूर्तिदायक? (एक मुद्रितशोधक, कोल्हापूर)

उत्तर : मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहावयाचा असतो, म्हणून मूळ शब्द ‘हुरूप’ असा होतो. सामान्यरूपात तो उकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘गरीब, गरिबाला’ याप्रमाणे ‘हुरूप, हुरुपाने’ असे लिहावे. ‘ऊर्जा’ हा तत्सम शब्द आहे, त्यातला ऊकार मुळातच दीर्घ असून तो ‘ऊर्जित’ या रूपातही दीर्घच राहतो. ‘उर्जा’ हे लेखन चूक आहे. ‘स्फूर्ती’ हा शब्द स्वतंत्रपणे दीर्घान्त लिहावा, परंतु समासात तो पूर्वपदी आला की संस्कृतातल्या मूळ रूपाप्रमाणे ऱ्हस्व होतो, म्हणून ‘स्फूर्तिदायक’, ‘स्फूर्तिस्थान’, आणि त्याच न्यायाने ‘शक्ती’ पण ‘शक्तिशाली’.